ताईला न दाखवलेलं वावर

बियाण्याच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. पाकिटावर काय छापलं आहे ते कोणी वाचत नाही. मृग जवळ आला की गिऱ्हाईक काउंटरवर दोन्ही हात टेकून उभं राहतं, थोडा वेळ पंख्याकडे पाहतं आणि विचारतं, "तुमी काय पेरलं होतं?" मी सांगतो. नुसत्या सांगण्यावरही त्याचा विश्वास नसतो. आदल्या वर्षी पोळा झाल्यावर तो माझ्या वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चक्कर मारून गेलेला असतो. शेंगा चाचपलेल्या असतात, एखादं झाड उपटून मुळंसुद्धा पाहिलेली असतात. माझी परवानगी न घेता. त्यात मला राग येण्यासारखं काही नाही, मीही दुसऱ्यांच्या वावरात हेच करतो. आमच्याकडे दुसऱ्याचं उभं पीक पाहणं हा हक्क समजतात. बोलणं कोणाचंही असो, पीक पाहूनच माणूस पाकीट उचलतो.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

मालेगाव म्हटलं की बाहेरच्या लोकांना दुसरंच गाव आठवतं. आमचं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं. तिथे माझं कृषी केंद्र आहे, बियाणं, खत, फवारणीची औषधं, ठिबकच्या नळ्या. मी मुळात कमी बोलतो. लहानपणी आई म्हणायची, याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून बादली काढायची. दुकानात बसल्यावर मात्र हा दोष गुण ठरला. जो कमी बोलतो त्याला पुष्कळ कळत असावं, असा लोकांचा समज होतो. मी तो कधी खोडून काढला नाही. खोडायलाही बोलावं लागलं असतं.

शेअर मी बऱ्याच वर्षांपासून घेत होतो. पहिला घेतला तो ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीचा. कारण साधं होतं, त्या नळ्या मी विकत होतो आणि त्या खपत होत्या. मग खतवाल्या कंपनीचा, मग बियाणेवाल्या, मग ट्रॅक्टरवाल्या. ते वाढले. मी कोणाला सांगितलं नाही, पण दुकानातल्या बाकावर बसणाऱ्यांना मोबाइल बघून माझं किंचित हसणं दिसत असणार.

तेवढ्यात आमच्या भागातून मोठा रस्ता गेला. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांच्या खात्यात पैसे आले. कोणी गाडी घेतली, कोणी घर बांधलं, कोणी वाशीमला प्लॉट घेतला. काहींनी मोबाइलवर डीमॅट खातं उघडलं आणि ते माझ्या बाकावर येऊन बसायला लागले.

त्यातले दोघं रोजचे. एक गावाजवळच्या मळ्यात वांगी आणि फुलकोबी करणारा, माझ्याहून थोडा लहान, तोंडाने फाटका. दुसरे निवृत्त गुरुजी. गुरुजी मोबाइल दोन्ही हातांत धरून पोथी वाचावी तसा वाचायचे.

"शेठ, ही पाइपवाली घेऊ का?" वांगेवाला विचारायचा.

"चांगली आहे."

एवढंच. बस. पण माझ्या त्या दोन शब्दांवर संध्याकाळपर्यंत गावातली पाचसात माणसं ती पाइपवाली घेऊन मोकळी व्हायची. बियाणं घेताना धुऱ्यावरून फिरणारी ही माणसं, शेअर घेताना माझ्या वावराकडे फिरकलीच नाहीत. मी स्वतः काय घेतलं, किती घेतलं, ते आता आहे की नाही, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही.

गुरुजींना एका गोष्टीचा अभिमान होता. "मायाजवळ नऊ कंपन्या हायेत," ते म्हणायचे, "कोनतीही एक बुडाली तरी मी बुडत नाई. याले पोर्टफोलिओ म्हन्तात."

"नऊ हायेत, पन घेतल्या त्या शेठच्या गोदामातूनच ना," वांगेवाला म्हणायचा. "जे पोतं दिसलं ते घेतलं."

आम्ही हसायचो. त्याने थट्टेत बरोबर बोट ठेवलं होतं, पण त्याचं त्यालाही कळलं नाही आणि मलाही नाही. त्याच्याजवळही तेच शेअर होते.

आता ताईबद्दल.

माझी मोठी बहीण किन्हीराजाकडच्या एका खेड्यात दिली आहे. तिचं विहिरीचं वावर रस्त्यात गेलं. बाकीचं कोरडवाहू राहिलं, पण जीव होता तो त्या विहिरीच्या तुकड्यात. तिथे ती मेथी, मिरची, वांगी काढायची, बाजारच्या दिवशी डालं घेऊन स्वतः बसायची. ते वावर गेलं तेव्हा ती रडली नाही. जेसीबी आला त्या सकाळी तिने शेवटची मिरची तोडून घेतली आणि शेजारणींना वाटून टाकली.

पैसे आल्यावर भाऊजी म्हणाले, घर बांधू. ताई म्हणाली, घरात मिरची येत नाही. तिला पुन्हा पाण्याचं वावर घ्यायचं होतं. पण रस्ता आल्यापासून भाव असे चढले होते की आलेल्या पैशात तेवढं वावर बसत नव्हतं. म्हणून काही रक्कम तिने बँकेत ठेवली आणि काही माझ्याकडे घेऊन आली.

"भाऊ, हे वाढव थोळं," ती म्हणाली. "वावराचे पैसे हायेत. मले बाकी काई समजत नाई."

मी तिचं खातं उघडून दिलं आणि त्यात माझेच शेअर घेऊन दिले. पाइपवाली, खतवाली, बियाणेवाली, ट्रॅक्टरवाली. मनापासून दिले. माझ्या ताटातलं तिच्या ताटात वाढतोय असं वाटलं. हा पैसा किती वर्षांनी लागणार आहे, मधेच भाव पडला तर काय, हे मी तिला विचारलं नाही. तिने तर "समजत नाई" असं आधीच सांगून टाकलं होतं. आम्हा दोघांना ते सोयीचं होतं.

एक वर्ष बरं गेलं. ती फोन करायची, "वाढलं का?" मी म्हणायचो, "वाढलं." ती म्हणायची, "बरं, मंग एखादं वावर पाहाले हरकत नाई."

मग तो पावसाळा आला. पेरणी झाली आणि पावसाने ताण दिला. आभाळ रोज भरून यायचं आणि पुढे निघून जायचं. माझ्या दुकानात खताची पोती तशीच थप्पीला लागलेली. फवारणीच्या औषधांचे खोके उघडलेही नव्हते. कंपनीचा माणूस एरवी माल द्यायला आढेवेढे घ्यायचा, तो आता माझ्या मागे लागला, "घ्या साहेब, अजून घ्या, पैसे मागाहून द्या." अशा वेळी दुकानदाराला जे कळतं ते शहरात पडद्यासमोर बसणाऱ्यांना फार उशिरा कळतं. माल खपत नाही. इथे नाही, म्हणजे आजूबाजूलाही नाही.

एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. लाइट गेली होती, पंखा बंद होता. मी काउंटरमागे बसून माझे ते सगळे शेअर विकून टाकले. पाइपवाली, खतवाली, सगळे. चांगला भाव मिळाला. विकून झाल्यावर माठातलं पाणी प्यालो.

आणि कोणाला सांगितलं नाही.

कारणं मी पुढे स्वतःला पुष्कळ दिली. माझा अंदाज आहे, चुकला तर? मी विका म्हणालो आणि भाव चढला तर लोक माझ्या दाराशी येतील. मी काही सल्लागार नाही, मी फक्त "चांगली आहे" म्हणालो होतो. ही कारणं ऐकायला बरी आहेत, पण खरं कारण त्याहून लहान आहे. विका असं सांगण्यासाठी मला आधी हे कबूल करावं लागलं असतं की एवढे दिवस ही माणसं माझ्या शब्दावर चालत होती आणि मला ते आवडत होतं.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. तिच्या गावात कोणीतरी बोललं होतं की बाजार पडतोय.

"भाऊ, काय करू? इकू का?"

मी बाकाकडे पाहिलं. गुरुजी बसले होते. त्यांच्यासमोर ताईला वेगळं काही सांगितलं तर त्यांनाही सांगावं लागलं असतं.

"थांब," मी म्हणालो.

तिने फोन ठेवला आणि ती थांबली.

पुढे काय झालं ते अंदाजाने कळेलच. ताणानंतर सोंगणीच्या, पीक कापायच्या वेळी पाऊस कोसळला, उभ्या शेंगांना कोंब आले. शेतं गेली, दुकान बसलं आणि त्या कंपन्यांचे भाव हळूहळू, रोज थोडे थोडे करून, पार खाली आले. लोक बाकावर येऊन विचारायचे, मी म्हणायचो, "थांबा." आता तर दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. विका म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न होता, तुमी कवा इकले?

संक्रांत झाल्यावर एका बाजारच्या दिवशी ताई दुकानात आली. सोबत भाऊजी नव्हते. खांद्याला पिशवी, चपलेला धूळ. बाकावर बसली. तेव्हा नेमकं दुसरं कोणी नव्हतं. मी चहा सांगितला.

"नाल्याकाठचं एक वावर निघालं इकाले," ती म्हणाली. "विहीर हाये, पानी हाये. मालक थांबाले तयार हाये थोळे दिवस. मी सकाळीच पाहून आली. माती हातात घेऊन पाह्यली."

"बरं."

"बरं काय? माया पैशात आता ते येते का?"

तिला आकडा माहीत होता, तिच्या मुलीने मोबाइलवर दाखवला होता.

"नाई येत," ती स्वतःच म्हणाली. "मले तेच विचाराचं होतं, पन आता दुसरंच विचारते. तुयाजवळ काय हाये?"

"म्हंजे?"

"माया खात्यात जे हाये ते तुयाच सांगन्यावरून घेतलं. मंग तुयं वावर दाखव ना. बियानं घेताना लोकं तुया धुऱ्यावरून फिरतात, मीही कोनाचं बी घ्याच्या आधी त्याचं पीक पाह्यते. मंग येवढे पैसे पेरताना मी तुयं वावर काहून नाई पाह्यलं? सकाळपासून हाच विचार करून राह्यली."

"चहा घे," मी म्हणालो.

"घेते. तू मोबाइल काढ."

मी काढला. मला खोटं सांगता आलं असतं, मोबाइल चार्ज नाही, रेंज नाही. पण ती समोर बसली होती, पदराने कपाळ पुसत, आणि तिच्या आवाजात रागही नव्हता. पीक पाहायला आलेल्या माणसाचा असतो तसा साधा आवाज. मी खातं उघडून मोबाइल तिच्या हातात दिला. तिने तो लांब धरला, डोळे बारीक केले. नावं शोधत राहिली.

"पाइपवाली कुठं हाये?"

"नाई."

"खतवाली?"

"नाई. सारे इकले."

"कवा?"

"पावसानं ताण दिला तवा."

तिने मोबाइल बाकावर ठेवला. रस्त्यावरून कांद्याचा हातगाडीवाला ओरडत गेला.

"मी फोन केला होता, त्याच्या आधी का नंतर?"

"आधी."

"अन् मले थांब म्हनला."

"हो."

चहा आला. तिने तो पूर्ण प्यायला, सावकाश, कप खाली ठेवला, पिशवी उचलली. "बस निंगते आता," म्हणाली आणि गेली. मी दारापर्यंत गेलो. ती वळली नाही.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. दुकान उघडायचो, पोती पुसायचो, संध्याकाळी कुलूप लावायचो. एके सकाळी वांगेवाला आणि गुरुजी दोघेही बाकावर असताना मी काउंटरमधून बाहेर आलो आणि त्यांच्या समोर उभा राहिलो. मी एरवी बाहेर येत नाही, त्यामुळे दोघांनीही मोबाइल खाली ठेवले.

"मी माझे शेअर पावसाळ्यातच विकले होते," मी म्हणालो. "तुम्हाला थांबा म्हणत होतो तेव्हा माझ्याजवळ एकही नव्हता."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग उठले आणि निघून गेले. पुढचा पूर्ण हंगाम त्यांनी खत दुसऱ्या दुकानातून नेलं. माझ्या दुकानासमोरून नेलं, मुद्दाम.

वांगेवाला बसून राहिला.

"वांगं अन् दुकानदार," तो म्हणाला, "चिरल्याबिगर आतलं समजत नाई."

मला वाटलं, आता शिवी देईल. त्याने तंबाखू मळली.

"शेठ, नुकसान झालं त्याचा राग हायेच. पन एक सांगा, कायले सांगतलं आता? न सांगता भागलं असतं तुमचं. आमी कुठं पाहाले येनार होतो?"

"ताईनं पाहिलं," मी म्हणालो.

तो हसला. "मंग बरोबर. बाया धुऱ्यावरून नाई, पिकाच्या तासातून चालतात."

होळीच्या सुमारास ताईचा फोन आला. सरळ मुद्द्यावर आली.

"भाऊ, तू फुकट सांगतलं, म्हनून मीही काई विचारलं नाई. आता असं कोनी हाये का, जे सांगन्याचे पैसे घेते अन् आपल्याले काई इकत नाई?"

अशी एक बाई अकोल्याला होती. रीतसर नोंदणी केलेली, फक्त सल्ल्याची फी घेणारी. मला तिच्याबद्दल माहीत होतं, एकदोन वर्षांपासून. जायची गरज वाटली नव्हती. आम्ही दोघं मेडशी, पातूरचा घाट करत एसटीने गेलो. ताईने खिडकी घेतली. रस्ताभर ती शेतांबद्दल बोलली, दुसऱ्या कशाबद्दल नाही. हरभरा बरा दिसतो, इथं पाणी लागलेलं दिसते, हा गहू उशिराचा आहे.

सल्लागार बाई तरुण होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिने कोणत्या शेअरचं नाव घेतलं नाही. आधी ताईला विचारलं, घरखर्च कशावर चालतो, हे पैसे कशासाठी आहेत, कधी लागतील, मधे आजारपण निघालं तर हाताशी काय आहे. ताई उत्तरं देत गेली. हे प्रश्न मी विचारायला हवे होते, प्रत्येक वेळी मनात येत होतं.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "या कंपन्या तुम्ही निवडल्या?"

"हो."

"कशावरून?"

"माझ्या दुकानात यांचा माल असतो."

"आणि दुकान कशावर चालतं?"

"पावसावर," मी म्हणालो, आणि माझं मलाच हसू आलं. गुरुजींच्या नऊ कंपन्या डोळ्यांसमोर आल्या. नऊ काय नि नव्वद काय, सगळ्या एकाच आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. पाऊस चुकला की ताईचं शेत जाणार, माझं दुकान बसणार आणि शेअरही त्याच महिन्यात पडणार. तुरीची ओळ मधे घालावी, सोयाबीन गेलं तर तूर हाती लागते, हे आमच्या पोरासोरांना कळतं. मीही दरवर्षी तसंच पेरतो. पैशात मात्र मी ताईला काठोकाठ एकच पीक पेरून दिलं होतं.

बाईने समजावलं ते थोडक्यात असं. वावरासाठी जे पैसे दोनतीन वर्षांत लागणार ते शेअरमध्ये ठेवायचेच नाहीत, ते ठेवीत ठेवायचे. जे लांबचे आहेत त्यातले बरेच अशा फंडात, जो देशातल्या सगळ्या मोठ्या कंपन्या थोड्या थोड्या घेतो, औषधाच्या, सॉफ्टवेअरच्या, बँकांच्या, ज्यांना आमच्या पावसाशी देणंघेणं नाही. पडलेले शेअर घाबरून एकदम काढायचे नाहीत, टप्प्याने कमी करायचे. आणि कोणतीही गोष्ट वर जाईलच असं मी सांगू शकत नाही, असंही ती म्हणाली. ते वाक्य ऐकून ताईने मान डोलावली, जणू याचीच वाट पाहत होती.

"आणि वर्षातून एकदा बघायचं," बाई म्हणाली. "जे ठरवलेल्या वाट्यापेक्षा फार वाढलं असेल त्यातलं थोडं विकून, जे मागे राहिलं त्यात घालायचं."

"वाढलं तेच इकाचं?" ताईने विचारलं.

"थोडंसं. वाटा पुन्हा बरोबर करण्यापुरतं."

"म्हंजे विरळनी," ती मला म्हणाली. "दाट झालं तं चांगलं झाडही उपटावं लागते. जिवावर येते, पन उपटावं लागते."

परत येताना घाटात मी तिला म्हणालो, "ताई, त्या दिवशी तुले इक म्हनलो असतो तर जेवढे आले असते अन् आता जेवढे राह्यले, त्यातला फरक मी देतो."

खरं सांगतो, मला वाटलं होतं ती नको म्हणेल. बहिणी म्हणतात तसं, जाऊ दे रे, तुया पोरायले लागन. मी त्याचीही मनातल्या मनात तयारी केली होती, दोनतीनदा आग्रह करायचा, मग तिचा मान ठेवायचा.

"दे," ती म्हणाली.

खिडकीतून बाहेर पाहतच म्हणाली. थोड्या वेळाने वळली.

"तुले वाटलं मी नाई म्हनीन."

"हो."

"नाई म्हनली असती तं तू आयुष्यभर माया घरी खाली मान घालून जेवला असता. दे अन् सरळ बसत जाय."

मी दिले, एकदम नाही, जमेल तसे. भाऊजींना ते फार अवघड वाटलं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नका." मी म्हणालो, मनावर घ्यायला उशीरच झाला आहे.

नाल्याकाठचं ते पूर्ण वावर तिला घेता आलं नाही. मालकाने अर्धं दुसऱ्याला दिलं. पण विहिरीकडचा अर्धा तुकडा तिला मिळाला, तिची ठेव, रस्त्याचे उरलेले आणि माझ्याकडून आलेले मिळून. फंडात थोडं लांबचं म्हणून राहिलं. ती दर वर्षी दिवाळीनंतर माझ्यासोबत बसून ते पाहते. मीही त्याच बाईच्या सल्ल्याने पुन्हा थोडं घातलं आहे. गुरुजीही आता परत येतात. त्यांनी एक नियम केला आहे, बाकावर ज्याला कंपनीचं नाव घ्यायचं असेल त्याने आधी आपला मोबाइल मधे ठेवायचा, काय घेतलं, काय पडलं, सगळ्यांनी पाहायचं. त्यामुळे नावं फार कमी घेतली जातात. वांगेवाला म्हणतो, लाजेनं का होईना, पैसे वाचून राह्यले. त्यालाही अकोल्याच्या बाईचा पत्ता मीच दिला. तो फीवरून घासाघीस करून आला आणि त्याचंच कौतुक सांगत बसला.

मागच्या हिवाळ्यात ताईने बोलावलं. "ये पाहाले," एवढंच म्हणाली.

मी गेलो तेव्हा ती मेथीला पाणी देत होती. मला धुऱ्यावर थांबू दिलं नाही, पिकाच्या ओळींमधल्या तासातून नेलं. मिरची दाखवली, लालजर्द, काड्या वाकलेल्या. वांगी दाखवली. मग एका वाफ्यापाशी आली, तिथे फुलकोबीची पानं जाळीसारखी झाली होती.

"हे गेलं. अळीनं खाल्लं. तुया दुकानातलं औषध मारलं तरी गेलं. हेही पाह्य."

मी पाहिलं. वाकून पान उलटं करून पाहिलं. दूर रस्त्यावरून गाड्यांचा सारखा सूं सूं आवाज येत होता, ती आता त्याकडे लक्ष देत नाही.

"आता तुयं दाखव," ती हात पुसत म्हणाली.

मोबाइल काढला. विहिरीपाशी रेंज नव्हती. आम्ही दोघं रस्त्याच्या भरावाकडच्या उंच धुऱ्यावर चढलो, ती पुढे, मी दम खात मागे. वर आल्यावर पडदा हळूहळू भरला. तिने चष्मा घरी ठेवला होता.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "गाड्यायचा आवाज हाये. अन् लालही वाच, पडलेलं, नुसतं वाढलेलं हिरवंच नको."

मी घसा साफ केला. पहिली ओळ लाल होती. तिथूनच वाचायला सुरुवात केली.